कमाई तिची, करार त्याचे

चैत्र लागला की आमच्या पट्ट्यात जत्रांना ऊत येतो. चऱ्होली, मोशी, चिखलीपासून सुरुवात होते आणि चाकण ओलांडून खेड, आंबेगाव, जुन्नरपर्यंत एकेका गावाची तिथी येत राहते. पहाटे देवाला अभिषेक, दुपारी घाटात बैलगाडे, रात्री तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या आणि मग कुस्त्यांचा आखाडा. आमचं गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, शेतात प्लॉट पडले, प्लॉटवर इमारती आल्या. चाकणच्या कंपन्यांच्या बसगाड्या पहाटे फाट्यावर थांबू लागल्या. तरी जत्रेची ही घडी फारशी मोडली नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा मात्र घाट ओस पडले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि गाडामालकांनी पुन्हा गुलाल उधळला.

शर्यत आणि तमाशा हे जोडपं आठवायचं कारण एक सिनेमा. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका', १९५९. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. गोष्ट सुरू होते ती बैलगाड्याच्या शर्यतीपासून. एक साधा शेतकरी शर्यत जिंकतो, ते पाटलाला खुपतं आणि पाटील त्याचं घरदार धुळीला मिळवतो. त्या घरातली अनाथ पोर एका तमासगीर बाईच्या पदरात पडते, तिच्या फडात वाढते, नावाजते. शेवटी त्याच गावात, त्याच पाटलासमोर बोर्डावर उभी राहून ती गावाची सगळी लफडी वगातून सांगते. म्हणून 'सांगत्ये ऐका'. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये हा सिनेमा सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं एकाच थिएटरात एकच सिनेमा. तेव्हा पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. बाकीचा कारखानदारी पट्टा अजून माळरानच होता. आमच्या गावातले एक निवृत्त कामगार सांगतात, की शेंगा विकायला पुण्याला गेलेली बैलगाडी रात्री विजयानंदवर थांबायची, आणि घरी सांगायचं मात्र मंडईत उशीर झाला म्हणून.

त्यांना या सिनेमातली 'बुगडी' आठवते. सगळ्यांनाच आठवते. आणि अभिनेत्री हंसा वाडकर म्हटलं की पुष्कळ जण बुगडीच समोर आणतात. ती लावणी हंसाबाईंवर नाहीच. ती आहे जयश्री गडकरांवर, आवाज आशा भोसल्यांचा. हंसाबाई त्या सिनेमात पोरीला वाढवणाऱ्या तमासगीर बाईच्या भूमिकेत आहेत. नाच पुढच्या पिढीकडे गेलाय आणि मागं उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर सगळा हिशेब दिसतोय, अशी ती भूमिका. तेव्हा त्या जेमतेम छत्तिशीच्या होत्या आणि त्यांच्या नोकरीला, हो, मी नोकरीच म्हणतो, तेवीस वर्षं झाली होती.

नोकरी का म्हणतो, ते सांगतो. हंसा वाडकर यांच्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात पुरुष मोजले जातात. नवरा कोण, पळून कुणाबरोबर गेली, शेवटी कुणापाशी राहिली, दारू किती प्यायची. शोकांतिका म्हणून ते वाचायला सोपं जातं. पण त्यांचंच आत्मचरित्र नीट वाचलं तर दुसरी एक गोष्ट सतत समोर येते. ही बाई तेराव्या वर्षापासून कमावती होती. घर तिच्या पैशावर चाललं, आधी आईबापांचं आणि मग नवऱ्याचं. आणि कामाचा एकही निर्णय बराच काळ तिच्या हातात नव्हता. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. पगार बाईच्या खात्यात जमा होतो आणि एटीएमचं कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं, अशी घरं चाकण-भोसरीत आजही शोधावी लागत नाहीत.

मूळ नाव रतन भालचंद्र साळगावकर. जन्म मुंबईचा, २४ जानेवारी १९२३. घराणं सावंतवाडीकडचं, कलावंतिणींचं. गाणं रक्तात होतं असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर गाणं हा त्या घरातल्या बायकांचा पिढीजात रोजगार होता आणि संस्थानी आश्रय आटल्यावर तो रोजगार मुंबईकडे सरकला. आधी नाटक कंपन्या, मग ग्रामोफोन, मग बोलपट. गोव्याच्या आणि दक्षिण कोकणच्या अनेक घराण्यांची कहाणी थोड्याफार फरकानं अशीच आहे. बोलपट आला १९३१-३२ मध्ये आणि त्याला गाऊ शकणाऱ्या, कॅमेऱ्यापुढे उभ्या राहू शकणाऱ्या बायका हव्या होत्या. 'कुलीन' घरातून बायका येईनात. दुर्गा खोटे आल्या तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली! त्यामुळे पहिली भरती झाली ती या घराण्यांतून. रतन शाळेत होती, शिकायची हौस होती. घरात बापाचं व्यसन आणि पैशाची ओढाताण. मामा वरेरकरांच्या 'विजयाची लग्ने' (१९३६) या बोलपटात तिला नायिका म्हणून उभं करण्यात आलं. ललितकलादर्शसारख्या नामांकित नाटक मंडळीची माणसं या बोलपटामागं होती. तेरा वर्षांची नायिका. आज आपल्याकडे हेल्परचंसुद्धा वय चौदाच्या खाली असलं तर फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल.

पडद्यासाठी आडनाव बदललं. नात्यातल्या गायिका इंदिराबाई वाडकर यांचं आडनाव लागलं आणि रतनची हंसा झाली. सोळाव्या वर्षी ती बॉम्बे टॉकीजमध्ये होती. मालाडचा तो स्टुडिओ तेव्हाचा सगळ्यात शिस्तीचा. दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ओस्टेन. 'नवजीवन' (१९३९) मध्ये हंसा नायिका. 'दुर्गा'मध्ये देविकाराणीबरोबर तिनं काम केलं. मुंबईच्या हिंदी सिनेमात एका मराठी मुलीनं असं पाय रोवणं साधी गोष्ट नव्हती. पण तिच्या आयुष्यात त्याच सुमारास दुसरी उलथापालथ चालली होती.

जगन्नाथ बांदरकर घरच्यांच्या ओळखीतला. वयानं बराच मोठा, गरजेला धावून येणारा. लहानपणापासून घरात ऊठबस असलेला. हंसा त्याच्याशी लग्नाला तयार झाली, आणि लग्न झालं तेव्हा ती गरोदर होती, हे तिनंच लिहून ठेवलंय. तिची इच्छा एवढीच, की आता सिनेमा पुरे, घर करायचं, मुलंबाळं सांभाळायची. नवऱ्यानं ते होऊ दिलं नाही. सिनेमे तो ठरवायचा, पैशाची बोलणी तो करायचा, आणि सेटवर कुणाशी बोललीस यावरून संशयही तोच घ्यायचा. मूल होऊ नये म्हणून गर्भपात करवले, असंही ती सांगते. कारण उघड होतं, नऊ महिने काम बंद म्हणजे नऊ महिने आवक बंद. मुलगी झाली ती एकच.

इथं थांबून जरा प्रभातकडे पाहू. कारण हंसाबाईंच्या पुढच्या टप्प्याचा पत्ता पुण्याचा आहे.

१९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तेच ते आवार. प्रभात ही कंपनी होती, शब्दशः. नट-नट्या, सुतार, रंगारी, शिंपी, सगळे महिन्याच्या पगारावर. ठरलेल्या वेळेला यायचं, काम असो वा नसो. या शिस्तीतून 'संत तुकाराम' (१९३६) निघाला, जो मुंबईच्या सेंट्रलला वर्षभराहून अधिक चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. पडद्यावरची आवली, म्हणजे तुकोबांची बायको, गौरीबाईंनी उभी केली. प्रभातच्याच कामगारवर्गातून वर आलेली ही बाई. देहूच्या वाटेवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना आवलीचा चेहरा गौरीबाईंचाच वाटतो, याला इलाज नाही.

पण या शिस्तीची दुसरी बाजूही आहे. १९३९ मध्ये प्रभातची सगळ्यात मोठी तारका शांता आपटे पगार आणि कराराच्या वादावरून स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. 'कुंकू'ची नायिका गेटवर बसलेली! आकुर्डी-चिंचवडच्या कुठल्याही युनियनवाल्यानं ही घटना तोंडपाठ करायला हवी होती. या पट्ट्यात गेटबंद आंदोलनाची परंपरा उभी राहण्याच्या किती तरी आधी, पुण्यात एका बाईनं ते केलं होतं. वर्षभरात त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं, सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना सावध करणारं. मराठीत कामगार साहित्य म्हणून जे काही वाचलं जातं, त्यात या पुस्तकाचा उल्लेख मी तरी ऐकलेला नाही.

हंसा वाडकर प्रभातमध्ये आल्या त्या 'संत सखू'साठी, १९४१. वय अठरा. दिग्दर्शन दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं. सखूची गोष्ट वारकरी मुलुखात कुणाला सांगायला नको. कऱ्हाडची सासुरवाशीण, छळणारी सासू, पंढरीची ओढ. घरच्यांनी खांबाला बांधून ठेवलं, तर विठ्ठल स्वतः सखूचं रूप घेऊन तिच्या जागी बांधून घेतो आणि ती दिंडीत निघून जाते. देव मग सासरी दळणकांडण करतो, पाणी भरतो, सासूच्या शिव्या खातो. आळंदीहून निघालेली पालखी आमच्या अंगणावरून जाते तेव्हा त्यात सखूची गाणी म्हणणाऱ्या बायका असतात. त्यातल्या कितीतरी घरची कामं जावेवर, लेकीवर टाकून आलेल्या असतात. देव कुणाच्या घरी दळायला गेल्याचं अलीकडे ऐकिवात नाही. हंसाबाईंच्या घरी तर नाहीच. त्या घरात एक दिवस बदली माणूस मिळालं असतं, तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

सखूनं त्यांना मराठीत नाव दिलं. पण त्यांचं खरं क्षेत्र उघडलं ते सहा वर्षांनी. 'लोकशाहीर रामजोशी', १९४७, राजकमलची निर्मिती. दिग्दर्शन शांतारामबापू आणि बाबूराव पेंटर यांचं, पटकथा-गीतं गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं. जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसा वाडकर बया. पेशवाईतला सोलापूरचा हा ब्राह्मण शाहीर कीर्तन सोडून तमाशात रमला आणि त्यापायी बहिष्कृत झाला. सिनेमा तुफान चालला. मराठी सिनेमात तमाशापटांची जी लाट पुढं पंचवीस वर्षं टिकली, तिची सुरुवात इथून. हिंदीतही तो 'मतवाला शायर रामजोशी' म्हणून निघाला.

आणि आता गंमत बघा. पडद्यावरच्या बयेसाठी तिकीटखिडकीवर झुंबड उडाली होती, त्याच सुमारास मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली. अश्लील म्हणून. हजारो तमासगीरांची चूल विझली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, वगांच्या संहिता तपासून घ्यायचे नियम झाले आणि फड पुन्हा उभे राहिले. थोडक्यात, पांढरपेशा माणसाला थिएटरच्या अंधारात बसून पाहिलेला तमाशा चालत होता, कनातीतला चालत नव्हता. हंसाबाईंची प्रसिद्धी या फटीतून आली हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या अभिनयाला त्यानं कमीपणा येत नाही. उलट चोळी, नऊवारी आणि पायातल्या चाळांच्या आत एक मोजूनमापून बोलणारी, समोरच्याला जोखणारी बाई त्यांनी दाखवली. त्यांची बया पुरुषाला भुलवते, पण तो किती पाण्यात आहे हेही तिला कळलेलं असतं. हे कळणं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. नंतरच्या तमाशापटांतल्या बऱ्याच नायिकांना नाच उत्तम येत होता. हे येत नव्हतं.

'पुढचं पाऊल' (१९५०) राजा परांजप्यांचा. त्यात पु. ल. देशपांडे आणि हंसा वाडकर. विनोदाचं टायमिंग दोघांचं असं जुळलंय, की या बाईला विनोदी भूमिका आणखी का मिळाल्या नाहीत असा प्रश्न पडतो. उत्तर सोपं आहे. ठसा बसला होता. निर्मात्याला बया हवी होती.

पन्नासनंतरच्या काही वर्षांत, यश असं हाताशी असताना, हंसाबाई घर सोडून निघून गेल्या. नवऱ्याशी भांडण, दारूचा अंमल आणि जोशी नावाचा एक गृहस्थ. त्याच्याबरोबर त्या मराठवाड्यातल्या त्याच्या गावी पोहोचल्या. तिथं कळलं, की त्याला आधीच्या दोन बायका आहेत. वाडा मोठा, शेती मोठी, आणि बायकांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. सुमारे तीन वर्षं त्या तिथं राहिल्या. पाणी शेंदायचं, स्वयंपाक, शेतातली कामं, घरात मोठ्यांपुढं डोक्यावर पदर. मुंबईच्या स्टुडिओत दिव्यांच्या झोतात उभी राहणारी बाई चुलीपुढं बसली होती, आणि आत्मचरित्रात नोंदवल्याप्रमाणे सुरुवातीला तिला ते आवडलंही होतं. घर हवं होतं ना! मिळालं. मग त्या घराला कुलूप आहे हेही कळलं. बाहेर निघायचा प्रयत्न फसला. शेवटी ज्या नवऱ्याला सोडून आल्या त्यालाच चोरून पत्र पाठवावं लागलं. तो पोलिसांना घेऊन आला. सुटकेच्या त्या प्रवासात ज्याच्या हाती कायदा होता अशाच एका अधिकाऱ्यानं आपल्यावर अत्याचार केला, हेही हंसाबाईंनी लिहिलंय. दोन-चार ओळींत. पुस्तकात आक्रोश नाही. वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडतो, सांगणारीचा नाही.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. इतकं झाल्यावर ती बाई परत कामावर आली. तीन वर्षं पडद्यावरून गायब झालेल्या नायिकेला आजही कुणी विचारत नाही, तेव्हा तर तिशी ओलांडलेली बाई आईच्या भूमिकांत ढकलली जायची. पण तिनं काम मागितलं, मिळवलं आणि ज्यासाठी ती आज ओळखली जाते तो 'सांगत्ये ऐका' या सगळ्यानंतरचा आहे. प्रभातमध्ये संकलनाचं काम शिकलेले अनंत माने तमाशापटाचे मोठे दिग्दर्शक झाले ते याच सिनेमामुळे. जयश्री गडकर समूहनृत्यातून पुढं येऊन तारका झाल्या त्याही याच सिनेमामुळे. हंसाबाईंना मिळालं ते नाव. पैसा तेव्हाही टिकला नाही. थोडा सवयींनी नेला, बराचसा सभोवतालच्या माणसांनी.

पुढं अभिनेते राजन जावळे त्यांच्या सोबत राहिले, अखेरपर्यंत. लेक दुरावली होती. कामं कमी होत गेली. अशा काळात तरुण पत्रकार अरुण साधू त्यांच्यासमोर बसले आणि बाई बोलत गेल्या. 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' लिहिणारे साधू तेव्हा पंचविशीचे होते. श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस'मध्ये ते कथन आलं आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनानं पुस्तक काढलं. नाव अर्थात 'सांगत्ये ऐका'. मराठीत नटांची आत्मचरित्रं बरीच आहेत. त्यात कंपन्यांचे दौरे असतात, बालगंधर्वांच्या आठवणी असतात, मानपत्रं असतात. स्वतःच्या शरीराबद्दल, दारूबद्दल, चुकलेल्या निर्णयांबद्दल एखाद्या बाईनं असं सरळ बोलणं तोवर नव्हतं. साधूंचं श्रेय हे, की त्यांनी मधे येऊन सारवासारव केली नाही. बोलण्याची लय तशीच ठेवली.

पुस्तक आल्यावर वर्षभरातच, २३ ऑगस्ट १९७१ रोजी, हंसाबाई कर्करोगानं गेल्या. वय अठ्ठेचाळीस.

त्यानंतर सहा वर्षांनी श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' आला. पटकथा बेनेगल, गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे यांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा. हंसाची उषा झाली, बांदरकराचा केशव दळवी झाला (अमोल पालेकर, आणि या माणसाचा तिरस्कार वाटावा इतकं चांगलं काम), मराठवाड्यातल्या वाड्याचा मालक अमरीश पुरी. उषा झाली स्मिता पाटील, वय एकवीस-बावीस. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. स्मितानं काय केलं ते बघण्यासारखं आहे. सिनेमाच्या सुरुवातीच्या लावणीत ती ठुमकते ती एका कंटाळलेल्या, सराईत बाईसारखी. शूटिंग थांबलं, की क्षणात खांदे पडतात आणि चेहऱ्यावरचं हसू पुसलं जातं. शिफ्ट संपल्यावर ग्लोव्हज काढणाऱ्या ऑपरेटरच्या चेहऱ्यावर हेच असतं. एका अभिनेत्रीच्या नोकरीबद्दल हिंदी पडद्यानं दाखवलेल्या सगळ्यात खऱ्या काही सेकंदांमध्ये मी ते धरतो.

तरी 'भूमिका'बद्दल माझी एक तक्रार आहे. शेवटी उषा हॉटेलच्या खोलीत एकटी, फोन वाजतोय. सिनेमा म्हणून तो शेवट उत्तम. पण मूळ बाई हॉटेलच्या खोलीत संपली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी मेकअपला बसली होती. पुस्तकातला कामाचा भाग सिनेमात मागं पडतो आणि पुरुषांची रांग पुढं येते. आणि मग लोकांच्या लक्षात राहते ती रांगच.

चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडलं, की नारायणगाव. तमाशाची पंढरी. हंसाबाई पडद्यावर ज्या बाईची नक्कल करत होत्या, ती खरी बाई इथली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूरचा. 'सांगत्ये ऐका' विजयानंदला लागला तेव्हा विठाबाई चोविशीच्या होत्या आणि गावोगाव कनाती ठोकून फड चालवणाऱ्या घराण्याची मुख्य नायिका होत्या. त्यांची एक गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या होत्या, कळा आल्या, मागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभं राहायची तयारी केली. प्रेक्षकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. कलेवरची निष्ठा वगैरे. प्रसूती रजा नावाची चीज तिच्या वाट्याला आली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. खेळ बंद म्हणजे फडातल्या पन्नास-साठ माणसांची मजुरी बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नऊ महिने आवक बंद होऊ नये म्हणून गर्भपात सोसलेली पडद्यावरची बया आणि बाळंतपणातही बोर्डावर उभी राहणारी खरी बया. या दोघींच्या मधे पुणे-नाशिक रस्त्याचा एवढासा तुकडा.

विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून दोनदा सन्मान झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल भरायला देणग्या गोळा कराव्या लागल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशासाठी जीवनगौरव पुरस्कार देतं. हे बरं झालं, आणि उशिरा झालं.

आमच्या शहराचं म्हणाल, तर जानेवारी २०२४ मध्ये शंभरावं नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये थाटात पार पडलं. अध्यक्ष डॉ. जब्बार पटेल. महापालिकेची नाट्यगृहं सजली. चिंचवडचं प्रा. रामकृष्ण मोरे, भोसरीचं अंकुशराव लांडगे, पिंपरीचं आचार्य अत्रे, पिंपळे गुरवचं निळू फुले, प्राधिकरणातलं गदिमा. पाचही नावं मोठी. गदिमांचं तर हवंच, 'रामजोशी', 'पुढचं पाऊल' आणि 'सांगत्ये ऐका' या तिन्हींत त्यांचे शब्द आहेत. पण ते शब्द ज्यांच्या तोंडी आले, त्यांच्यापैकी एकीचंही नाव एकाही पाटीवर नाही. शहर वाढतंय, चऱ्होली-मोशीकडे नवं बांधकाम थांबत नाही. पुढचं नाट्यगृह कुठंही झालं तरी नावाची यादी करताना समितीनं दोन नावं आधी लिहून ठेवावीत, एवढं मागायला हरकत नाही.

यंदा पाडव्याच्या सुमारास नारायणगावला गेलो होतो. तिथं त्या दिवसांत फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले जीपगाड्या भरून येतात, एका राहुटीतून दुसरीत जातात, तारखा जुळवतात, सुपारी ठरवतात. वहीत तारीख, गावाचं नाव, ठरलेला आकडा, इसार. अष्टमीला आकडा एक, पौर्णिमेला दुसरा. कमिटीतला एखादा घासाघीस करतो, नाच्या पोरी किती आहेत विचारतो, नवी गाणी बसवलीत का विचारतो. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. कलावंत फडमालकाकडून आगाऊ उचल घेऊन बांधले जातात, मालक सावकाराकडून. राहुट्यांवरच्या पाट्यांत बायकांची नावं आता ठळक आहेत. विठाबाईंची लेक मंगला बनसोडे करवडीकर, मालती इनामदार नारायणगावकर. नावाजलेले, स्वतःच्या नावावर चालणारे फड. पाटीवर बाईचं नाव ही मोठी गोष्ट. पण राहुट्यांमधून फिरताना टेबलामागं वही घेऊन बसलेले, कमिटीशी आकडा बोलणारे बहुतेक पुरुषच दिसले. एका राहुटीत मात्र पन्नाशीची एक बाई बसली होती. खेड तालुक्यातल्या एका गावाला तिनं आकडा सांगितला, कमिटीवाला हसला, कमी करा म्हणाला. तिनं वही मिटली आणि चहा मागवला. शेवटी सुपारी तिच्याच आकड्याला ठरली.